डिजिलॉकरवर खेळाडूची एलिजिबिलिटी फाईल: कुठं चालतं, कुठं अडतं

जुलै-ऑगस्टात प्रवेश उरकले की सांगली-साताऱ्याच्या कॉलेजांत जिमखान्यासमोर गर्दी होते. संघनिवड झाली की डायरेक्टर सर कागद मागतात आणि आताशा पोरांचं उत्तर ठरलेलं असतं, "सर, डिजिलॉकरला हायत की सगळी." सगळी नसतात. किती असतात, त्यातली किती चालतात आणि उरलेली कुठून आणायची, हे तपासण्यासाठी हे परीक्षण. डिजिलॉकर, म्हणजे सरकारी कागदपत्रं मोबाईलवर ठेवायचं सरकारी ॲप, आणि त्याला जोडलेलं एबीसी-अपार खातं, म्हणजे विद्यार्थ्याची क्रेडिट जमा होणारं खातं, इथं एकाच कसोटीवर लावलं आहे: विद्यापीठाच्या संघातून खेळणाऱ्या विद्यार्थ्याला आपली पात्रता दाखवायला त्याचा उपयोग किती? निकाल आधीच सांगून टाकू. निम्म्या फाईलसाठी उत्तम, उरलेल्या निम्मीसाठी शून्य. आणि खेळाडू बाद होतात ते बहुतेक त्या दुसऱ्या निम्मीत.

आंतरविद्यापीठ स्पर्धा भारतीय विश्वविद्यालय संघ, म्हणजे एआययू, भरवतो. त्याच्या प्रोफॉर्म्यावर, म्हणजे पात्रतेच्या फॉर्मवर, खेळाडूचा फोटो, सही, प्राचार्यांचा शिक्का, शारीरिक शिक्षण संचालकांची सही आणि शेवटी विद्यापीठाच्या क्रीडा विभागाची मोहोर लागते. रकाने पुष्कळ, पण प्रश्न तीनच. वय किती, म्हणजे १ जुलैला १७ ते २५ च्या चौकटीत बसता का? बारावी कधी झाली आणि त्यानंतर कुठल्या वर्षी काय शिकलात? आणि यंदा याच विद्यापीठात, किमान एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला, पूर्णवेळ नियमित विद्यार्थी आहात का? पहिल्या दोन प्रश्नांना डिजिलॉकर उत्तर देतो. तिसऱ्याला देत नाही.

आधी जिथं चालतं ते बघू. जन्मतारखेसाठी दहावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. आधार कार्ड पुढं करून भागत नाही, कारण आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नव्हे. सांगली, सातारा आणि कोल्हापूर हे तिन्ही जिल्हे कोल्हापूर विभागीय मंडळाखाली येतात, पण डिजिलॉकरमध्ये विभाग शोधत बसू नका. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ हे एकच नाव तिथं आहे. परीक्षेचं वर्ष, मार्च की जुलै हे सत्र, आणि पुढच्या अक्षरासकट सीट नंबर एवढं भरलं की कागद येतो. अडचण एकच असते, ती म्हणजे दहावीचा सीट नंबर कुणाच्या लक्षात नसतो. हॉलतिकीट हरवलेलं असतं. अशा वेळी शाळेच्या कार्यालयात निकालाचं रजिस्टर असतं, तिथं पाच मिनिटांत मिळतो. गावची शाळा जतच्या किंवा माणच्या टोकाला असेल तर दिवाळीची सुट्टी गाठून हे काम करून ठेवावं, कारण फॉर्म भरायची वेळ आली की दोन दिवसांची मुदत असते.

आपल्याकडचं आणखी एक: गुरुजींनी पटावर १ जून लावून टाकलेल्या जन्मतारखा अजूनही सापडतात. वयाची मोजणी १ जुलैला होते. पदव्युत्तरला शिकणाऱ्या, पंचविशीच्या काठावरच्या खेळाडूला हा एक महिना नडू शकतो. खरी तारीख वेगळी आहे असं सांगून उपयोग नाही. प्रमाणपत्रावर छापली तीच तारीख.

डिजिलॉकरमध्ये दोन खण आहेत आणि त्यातला फरक न कळल्यानं सगळ्यात जास्त गोंधळ होतो. एक 'इश्यूड', म्हणजे बोर्डानं किंवा विद्यापीठानं थेट टाकलेला कागद. २०१७ साली डिजिटल लॉकरच्या नियमांत ९-अ हे कलम आलं, त्यानुसार हा कागद मूळ प्रतीच्या बरोबरीचा धरला जातो. दुसरा 'अपलोडेड', म्हणजे तुम्ही स्वतः फोटो काढून चढवलेला. त्याला कायद्याचं बळ काहीही नाही. घरच्या कपाटात ठेवलेल्या झेरॉक्सची जेवढी किंमत तेवढीच त्याची. खेळाडू गुणपत्रकाचा फोटो काढून अपलोड करतात आणि "डिजिलॉकरमध्ये आहे" म्हणतात. नाही, ते डिजिलॉकरच्या आतल्या तुमच्या पिशवीत आहे.

प्रिंट काढतानाही चुका ठरलेल्याच होतात. स्क्रीनशॉट काढायचा नाही, पीडीएफ उतरवून घ्यायची. ती झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवायची, नाहीतर आकार दाबला जाऊन क्यूआर कोडचे ठिपके एकमेकांत मिसळतात. प्रत्येक संच पीडीएफवरूनच छापावा, छापील प्रतीची झेरॉक्स नको. तिसऱ्या झेरॉक्सला क्यूआर वाचलाच जात नाही. कागदावर डिजिटल सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह आणि 'सही पडताळलेली नाही' असं छापून आलं की क्लार्क कागद परत करतात. कागद खोटा असल्याचं ते लक्षण नव्हे. त्या संगणकातल्या वाचक सॉफ्टवेअरला सही करणाऱ्याची ओळख अजून पटवून दिलेली नसते एवढंच. सहीवर उजवं क्लिक करून ती विश्वासार्ह म्हणून नोंदवली की हिरवी खूण येते, मग छापायचं. सायबर कॅफेत हे कुणी करत नाही, करायला सांगावं लागतं.

आणि तरीही मूळ कागद बरोबर ठेवायचे. नियम तुमच्या बाजूनं असला तरी स्पर्धेच्या ठिकाणी, दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठाच्या मैदानावर, सकाळच्या सामन्याआधी तपासणीच्या टेबलाशी कलम ९-अ वर वाद घालत बसायला कुणाला वेळ नसतो. समोरचा संघ प्रोटेस्ट टाकतो तेव्हा कागद हातात लागतात. एक खेळाडू अपात्र ठरला तर फटका एकट्याला बसत नाही, जिंकलेला सामनाही जाऊ शकतो.

आता नावाचं. इथं डिजिलॉकरचा दोष नाही, पण त्याच्यामुळंच हा घोळ उघडा पडतो. बोर्डाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी. त्यात इंग्रजी स्पेलिंगची कसरत: एकीकडे शेवटी एक 'ए' जास्त, दुसरीकडे वडिलांच्या नावापुढं 'राव' आहे किंवा नाही. माणसाला हे एकच नाव वाटतं, यंत्राला दोन वाटतात. लग्न झालेल्या मुलींचं तर विचारूच नका: दहावीवर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं, कॉलेजात कुठलंतरी तिसरंच मिश्रण. याचा फटका दोन ठिकाणी बसतो. कागद डिजिलॉकरला ओढता येत नाही आणि एबीसी खात्यात क्रेडिट जमा होत नाहीत.

सुधारणेचा क्रम महत्त्वाचा आहे. दहावीचा कागद पाया धरायचा आणि आधार त्याला जुळवून घ्यायचं. उलटं करायला गेलात तर शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे अर्ज, आणि तो रस्ता लांबचा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, म्हणून केंद्रावर पावती घेताना स्पेलिंग अक्षर न् अक्षर वाचून घ्या. मग कॉलेजच्या कार्यालयात पीआरएनवरचं, म्हणजे विद्यापीठाच्या कायम नोंदणी क्रमांकावरचं, नाव तपासा. हे सगळं जूनमध्ये करायचं काम आहे. ऑक्टोबरात कँपला बोलावणं आल्यावर आधार केंद्राच्या रांगेत उभं राहणाऱ्या खेळाडूची दया येते, पण कुणी काही करू शकत नाही.

एबीसी, म्हणजे क्रेडिटची बँक, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या विनियमांनी आली. बारा आकडी क्रमांक डिजिलॉकरमधूनच काढता येतो. जमा झालेली क्रेडिट सात वर्षांपर्यंत ग्राह्य राहतात. खेळाडूला याचा खरा फायदा असा की एखादं वर्ष मध्येच सुटलं तरी मिळवलेलं शिल्लक राहतं आणि पुन्हा आत येता येतं. पण सुटलेलं वर्ष पात्रता मोजताना सुटत नाही. बारावी झाल्यापासूनची वर्षं एआययू मोजतो. तुम्ही त्या काळात शिकत होता की घरी होता याच्याशी त्याला देणंघेणं नाही. गॅप पडला असेल तर तो फॉर्मवर लपवू नका, दाखवा आणि कारण द्या. खात्यावर सेमिस्टरनिहाय नोंदी दिसत असताना लपवलेला गॅप कुणालाही दोन मिनिटांत सापडतो.

इथवर डिजिलॉकरला पाचपैकी साडेचार द्यायला हरकत नाही. पुढं तो हात वर करतो.

यंदाचा नियमित विद्यार्थी आहात हे सांगणारा एकही कागद त्यात नसतो. चालू वर्षाची फी पावती, बोनाफाईड, कॉलेजचं ओळखपत्र, कायम झालेल्या प्रवेशाची नोंद हे सगळं कॉलेजच्या खिडकीवरच. फी हप्त्यानं भरणाऱ्यांनी पहिल्या हप्त्याची पावतीही जपावी. कर्नाटकच्या बाजूनं, अथणी-चिकोडीकडून मिरजेला शिकायला येणारे खेळाडू पुष्कळ. त्यांची बारावी दुसऱ्या बोर्डाची, म्हणजे मायग्रेशन प्रमाणपत्र आणि विद्यापीठाची प्रवेश-पात्रता पक्की व्हायला हवी. तोवर प्रवेश तात्पुरता, आणि तात्पुरत्या प्रवेशावर संघात नाव जात नाही. मायग्रेशन मागवायला उशीर लागतो; प्रवेश घेतल्या दिवशी अर्ज करावा, संघात नाव लागल्यावर नव्हे.

विद्यापीठ कुठलं, हा प्रश्न सातारा जिल्ह्यात वाटतो तितका सोपा नाही. बहुतेक कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची. पण सातारा शहरातली छत्रपती शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ कॉलेज ऑफ कॉमर्स ही कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात आहेत. कराडचं कृष्णा हे स्वतः अभिमत विद्यापीठ. काही इंजिनिअरिंग कॉलेजं लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला, कृषीची राहुरीला, वैद्यकीयची नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली. सांगलीचं वालचंद स्वायत्त असलं तरी शिवाजी विद्यापीठातच. म्हणजे एकाच मैदानावर रोज संध्याकाळी एकत्र खो-खो खेळणाऱ्या पाच पोरांची विद्यापीठं चार असू शकतात. एका शैक्षणिक वर्षात एकाच विद्यापीठाकडून खेळता येतं. मध्येच कॉलेज बदललं तर आधी कुठं खेळलात हे लिहावं लागतं. २०२२ पासून दोन पदव्या एकाच वेळी करायला यूजीसीनं मोकळीक दिली, त्यातली एक दूरशिक्षणानं असेल तर तिच्या जोरावर संघात जागा नाही. पात्रता फक्त पूर्णवेळ प्रवेशाची. सैन्याची परंपरा असलेल्या या भागात आणखी एक प्रकार होतो. तिसऱ्या वर्षाला असलेला पोरगा पोलीस भरतीत किंवा अग्निवीरला लागतो, रुजू होतो, आणि नाव मात्र कॉलेजच्या संघात तसंच राहतं. पूर्णवेळ नोकरीवर रुजू झालेल्यानं संघातून स्वतःहून बाजूला व्हायचं. ते कुठलंही ॲप सांगणार नाही.

मग हजेरी. सेमिस्टरला साधारण ९० शिकवण्याचे दिवस धरले तर ७५ टक्क्यांच्या नियमात २२ दिवस सोडता येतात. आता खेळाडूचा हिशोब मांडा: झोनल दोन-तीन दिवस, इंटरझोनल तेवढेच, विद्यापीठाचा कँप दहा ते पंधरा दिवस, मग दूरच्या राज्यात जाऊन-येऊन खेळायचा आठवडा. बावीस तिथंच संपले. घरचं लग्न, ताप, एसटी चुकली, हे सगळं त्याच्या वर. म्हणून खेळासाठीची गैरहजेरी वेगळी नोंदवून घेणं हा उपकार नव्हे, गरज आहे, आणि ती नोंद गेल्यावर नव्हे, जाण्याआधी होते. विद्यापीठाचं निवडपत्र आलं की त्यासोबत एका पानाचा अर्ज: कुठली स्पर्धा, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कुठले तास आणि कुठली प्रात्यक्षिकं बुडणार. प्राचार्यांची सही, एक प्रत विभागप्रमुखांकडे, एक कार्यालयात. तिसरी डिजिलॉकरच्या अपलोडेड खणात. त्याला कायदेशीर किंमत नाही हे वर लिहिलंच आहे, पण मार्चमध्ये "तुझा अर्ज आमच्याकडं आलाच नव्हता" असं ऐकायला मिळतं तेव्हा तारखेचा शिक्का असलेला कागद दाखवायला तो खण फार उपयोगी पडतो. जागा एक जीबी आहे, एक फाईल १० एमबीपर्यंत, पीडीएफ किंवा फोटो. प्रत्येक स्पर्धेचं सहभागपत्र, निकालपत्रक, पावती, सगळं तिथं टाकत जा. पुढं पाच टक्के क्रीडा आरक्षणासाठी पडताळणी होते तेव्हा क्रीडा प्रमाणपत्राची मूळ प्रतच लागते. ती लॅमिनेट करू नका, मागचा शिक्का आणि सह्या झाकोळतात.

हजेरीपेक्षाही जास्त नुकसान अंतर्गत गुणांत होतं, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. अंतर्गत चाचणी, सेमिनार, जर्नल यांचे गुण त्या-त्या विषयाच्या सरांच्या हातात असतात आणि आंतरविद्यापीठ स्पर्धांचा मोसम नेमका हिवाळी परीक्षेच्या आसपास. जाण्याआधी सरांना भेटून फेरचाचणीची तारीख लिहून घ्यावी. "आल्यावर बघू" या वाक्यावर विसंबून गेलेल्यांच्या अंतर्गत गुणांत शून्य लागतं आणि लेखी परीक्षेत चांगले गुण असूनही विषय राहतो. क्रीडा सवलतीचे गुणही आपोआप पडत नाहीत, मुदतीत अर्ज द्यावा लागतो, सोबत सहभागाचं प्रमाणपत्र.

केटीबद्दल, म्हणजे विषय राहिला तरी पुढच्या वर्षात जाण्याबद्दल, जिमखान्यात अफवा फार. केटी असली तरी पुढच्या वर्षाला नियमित प्रवेश मिळाला असेल तर तुम्ही त्या वर्षाचे विद्यार्थी. पण इयर डाउन होऊन, कॉलेजात नाव न ठेवता नुसतं परीक्षेला बसणारा पूर्णवेळ विद्यार्थी राहत नाही. त्याची एलिजिबिलिटी तिथंच संपते. अमेरिकेतल्या एनसीएएचा, म्हणजे कॉलेज खेळांच्या संघटनेचा, नियम याहून पुष्कळ कडक आहे. तिथं पहिल्या श्रेणीच्या कॉलेजात खेळायचं तर शाळेतल्या १६ मुख्य विषयांत चारपैकी किमान २.३ सरासरी लागते, आणि पुढं दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचं ४० टक्के, तिसऱ्याअखेर ६० आणि चौथ्याअखेर ८० टक्के काम पूर्ण झालेलं हवं. आपल्याकडचा नियम गुण विचारत नाही, नोंदणी विचारतो. खेळाडूला हे सोयीचं वाटतं. खरं तर यानंच त्याचं नुकसान होतं, कारण अभ्यास मागं पडतोय हे सांगणारी घंटा तिथं मध्येच वाजते आणि इथं थेट इयर डाउनलाच वाजते. एबीसी खातं ती घंटा होऊ शकतं. नव्या रचनेत सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट असतात. दर निकालानंतर खात्यात किती जमा झाली हे बघायला मिनिटभर पुरतं. दोन सेमिस्टरनंतर चाळीसच्या खाली असाल तर कँपआधी वर्गशिक्षकांना गाठा. मात्र खात्यात आकडा उशिरा चढतो हेही लक्षात ठेवा, निकाल लागल्या दिवशी दिसला नाही म्हणून घाबरू नका. महिना-दोन महिन्यांनीही शून्यच असेल तर नावाचा घोळ आहे असं समजून परीक्षा विभागात जा.

शेवटी कॉलेजबाहेरच्या सेवा केंद्रांविषयी, कारण बरीच पोरं डिजिलॉकर स्वतः उघडतच नाहीत, झेरॉक्सवाल्याकडून उघडून घेतात. साताऱ्यात पोवई नाक्यावर काय किंवा सांगलीत विश्रामबागला काय, काम झटपट होतं, फोटोही तिथंच निघतो. चांगला दुकानदार फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर काढतो आणि फॉर्मवर तो डिंकानं चिकटवतो, स्टेपल मारत नाही, कारण शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर बसावा लागतो. तेवढ्यासाठी त्याच्याकडे जरूर जा. पण सहा आकडी पिन त्याला सांगू नका आणि ओटीपी स्वतः टाका. दुकानातल्या संगणकावर काम झालं की लॉगआउट करून, उतरवलेल्या पीडीएफ डाउनलोडच्या फोल्डरमधून स्वतःच्या हातानं पुसा; त्या फोल्डरात आधीच्या दहा जणांची गुणपत्रकं पडलेली दिसली की का, ते कळेल. फॉर्मखाली सही खेळाडूची असते, दुकानदाराची नव्हे, त्यामुळं 'गेल्या वर्षी कुठून खेळलात' हा रकाना त्यानं कोरा सोडला तर जाब तुम्हाला विचारला जातो. आणि मोबाईल नंबर बदलणार असाल तर आधी आधारवरचा बदला, मग जुनं सिम सोडा. जुना नंबर बंद झाला की ओटीपी कुठंच येत नाही आणि डिजिलॉकर आणि त्यातला दहावीचा कागद दोन्ही कुलपात राहतात.